व्हाळाकाठी (ओढ्याकाठी) घर, भाट (माडांची बाग) किंवा कुळागर (सुपारीची बाग) असेल तर

जुलैत आम्हाला येणारे बहुतेक फोन एकाच वाक्याने सुरू होतात: "भिंत बांधून द्या, व्हाळाचे पाणी आत येते." आम्ही भिंती बांधतो, पोटही त्यावरच भरते. तरी पहिल्या भेटीत आम्ही सहसा भिंतीचे माप घेत नाही. आधी खाली चालत जातो आणि पाणी शेवटी कुठे पडते ते बघतो. तिथली मोरी (रस्त्याखालून पाणी जायची वाट) तुंबलेली असेल, तर तुमच्या भिंतीने फक्त पाणी चढेल आणि ते शेजाऱ्याच्या घरात किंवा मागच्या दाराने तुमच्याच घरात शिरेल.

पाणी किती, ते आधी मोजा

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, सत्तरी-सांगेच्या घाटाकडे त्याहून जास्त. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर दिवसभरात १०० मिमी पडला, तर एक लाख लिटर पाणी झाले, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. आणि हे फक्त तुमच्या डोक्यावरच्या आभाळातले.

खरा प्रश्न डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्याचा असतो. एक हेक्टर उतारावर तासाला ६० मिमीच्या जोराने सर आली आणि त्यातले निम्मे जमिनीत जिरले, तरी सेकंदाला सुमारे ८० लिटर खाली येतात. ३०० मिमी व्यासाचा सिमेंटचा पाइप, शंभर मीटरला एक मीटर उतार दिलेला आणि आतून स्वच्छ असला, तर सेकंदाला जेमतेम १०० लिटर नेतो. म्हणजे एका हेक्टरातच तो भरत आला. वरची झाडी जाऊन तिथे रस्ता आणि बंगले आले की निम्मे पाणीही जिरत नाही. म्हणून "वीस वर्षांत कधी पाणी आले नव्हते" हे खरे असूनही उपयोगाचे नसते.

तीन लहान पाइप एका मोठ्याच्या बरोबरीचे, असा समज आहे. तसे नाही. त्याच उतारावर ६०० मिमीचा एक पाइप ३०० मिमीच्या सहा पाइपांइतके पाणी नेतो. हे आम्ही अनुभवाने शिकलो, आणि किंमत गिऱ्हाइकाने मोजली. सुरुवातीच्या दिवसांत गेटसमोरच्या व्हाळावर आम्ही तीन लहान पाइप टाकून रस्ता केला. पहिल्याच मोठ्या पावसात चुडते (माडाच्या झावळ्या) आणि नारळाची सोडणे (सालपटे) पाइपांच्या तोंडाशी अडकली, पाणी वरून गेले आणि रस्ता भरावासकट खालच्या शेतात. दुसऱ्यांदा आमच्या खर्चाने स्लॅबची मोरी बांधून दिली. तेव्हापासून झाडांखालच्या व्हाळात लहान पाइप घालत नाही, कोणी कितीही स्वस्तात मागितला तरी.

चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) डोंगराला कापून घर बांधले असेल तर

इथे पाणी व्हाळातून नाही, भिंतीतून येते. सड्यावरचा (डोंगरावरच्या पठाराचा) चिरा सच्छिद्र असतो, पाऊस आत घेतो. खाली चिकण मातीचा थर लागला की ते पाणी आडवे सरकत कापलेल्या जागी झर म्हणून फुटते. जूनमध्ये कोरडी असलेली मागची भिंत ऑगस्टमध्ये पाझरू लागते ती यामुळे. बाहेरून वॉटरप्रूफिंगचा रंग मारून पैसे घालवू नका. कापाच्या वर आडवा चर, भिंतीमागे खडी, जिओ-टेक्स्टाइल कापडात गुंडाळलेला भोकांचा पाइप आणि संरक्षक भिंतीत पाणी बाहेर सोडणारी छिद्रे, एवढे केले की बहुधा भागते. पागोळ्यांचे पाणी मात्र या चरात सोडू नका, त्याला वेगळी वाट द्या.

काठ ढासळतो आहे?

एका काठाला सरळ काँक्रीटची भिंत घातली की प्रवाहाचा जोर समोरच्या काठावर जातो आणि भांडण सुरू होते. आमची पसंती गॅबियनला, म्हणजे तारेच्या जाळीत भरलेल्या दगडांना. त्यातून पाणी झिरपते, मागे दाब साठत नाही. त्याच्या वर वाळा किंवा बांबू लावावा. काठावर केवड्याचे बन असेल तर त्याला हात लावू नका. साप असतात म्हणून लोक ते जेसीबीने उपटतात आणि पुढच्या पावसात काठही जातो.

कुळागरवाल्यांना एकच सांगणे: उन्हाळ्यासाठी बंधाऱ्याला लावलेल्या फळ्या मेअखेर काढाच. मिरगाचा पाऊस फळ्या निघायची वाट बघत नाही.

खाडीकाठी

मांडवी-झुआरी नद्यांच्या खालच्या भागात भरती-ओहोटीचे वेळापत्रक बघितल्याशिवाय गटार खोदू नये. अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती आणि जोरदार सर एकाच वेळी आली की गटारातून पाणी उलटे येते. खाजनांच्या (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतांच्या) मानशीत, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेत, हेच ओळखून दारे बसवलेली असतात: भरतीच्या दाबाने ती मिटतात, ओहोटीला उघडतात. घरच्या गटाराच्या तोंडाला आम्ही तशीच एकतर्फी झडप बसवतो. तिच्यात काडीकचरा अडकला की ती उघडीच राहते, म्हणून आठवड्याला एकदा बघावी लागते.

कागदपत्रांबाबत

सर्व्हे नकाशावर नाला दाखवला असेल, तर तो तुमच्या कुंपणात असला तरी वळवणे, अरुंद करणे किंवा बुजवणे तुमच्या मर्जीवर नाही. जलस्रोत खाते आणि पंचायतीला विचारल्याशिवाय आम्ही त्यात यंत्र घालत नाही. सखल जमिनीत भराव घालायला किंवा डोंगर कापायला १९७४च्या नगर नियोजन कायद्याच्या कलम १७-अ प्रमाणे परवानगी लागते. शेजाऱ्याशी वाद असेल तर साधा नियम लक्षात ठेवा: वरून आपसूक येणारे पाणी खालच्याने अडवू नये आणि वरच्याने ते गोळा करून एका नळीतून खालच्याच्या अंगावर सोडू नये.

साफसफाई एप्रिल-मेमध्ये करून थांबू नका. काणकोणात २००९ साली पूर आला तो २ ऑक्टोबरला. २०२१ मध्ये २३ जुलैला म्हादईकाठी पाणी चढले. गणपतीच्या सुमारास मोरीतला गाळ पुन्हा एकदा काढावा.

आम्हाला बोलावताना

फेब्रुवारी-मार्चमध्ये बोलवा. जूनमध्ये फक्त तात्पुरते काम होते आणि चिखलात जेसीबी रुतला तर त्याचेही बिल तुम्हालाच. सर्व्हे नकाशा, एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्काची नोंद) आणि मागच्या पुरात पाणी कुठवर चढले होते ती खूण हाताशी ठेवा. भिंतीवरचा चिखलाचा पट्टा पुसला असेल तर मोबाइलवरचे फोटो चालतात. शक्य असेल तर पाऊस पडत असतानाच एकदा येऊन बघणे आम्हाला बरे वाटते. तेव्हा बरोबर चालायला गमबूट घाला, जळवा असतात.