चौथ्या थरावरचा मुलगा

गुरुपौर्णिमा आली की मुंबई-ठाण्याच्या गल्ल्यांत रात्री दहीहंडीचा सराव सुरू होतो. चौथ्या थरावरचा पंधरा वर्षांचा मुलगा बघा. पायाखाली एकाचे घामेजलेले खांदे, स्वतःच्या खांद्यावर दुसऱ्याचे तळवे. पडला तर हात मोडेल, हे त्याला ठाऊक आहे. तरी कापणारी पोटरी तो जराही हलू देत नाही. आपण डगमगलो तर एक्का, म्हणजे सगळ्यात वर चढलेला मुलगा, पडेल म्हणून. आता याला वाह्यात म्हणायचं की जबाबदार?

आपण मुलांना एकाच तराजूत घालतो: जबाबदारीचं पारडं वर, तर वाह्यातपणाचं खाली. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठाच्या रिचर्ड लर्नर यांनी २००२ पासून पाचवीतल्या मुलांचा काही वर्षं पाठपुरावा केला. आत्मविश्वास, नाती, इतरांबद्दलची कळकळ वाढत असलेल्या काही मुलांमध्ये त्याच काळात जोखमीचं वागणंही वाढताना दिसलं. म्हणजे तराजू एक नाही, दोन आहेत.

याचं एक कारण मेंदूत सापडतं. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये मुलांना व्हिडिओवर गाडी चालवायला दिली. सिग्नल पिवळा झाला, की थांबायचं कधी? मित्र बघत असताना १३ ते १६ वयाच्या मुलांनी एकटं असतानापेक्षा दुपटीच्या आसपास धोके घेतले. मोठ्यांवर मित्रांचा परिणाम जवळजवळ नव्हता. पुढच्या प्रयोगांत दिसलं, की मित्र बघत असले की किशोरांच्या मेंदूतला व्हेंट्रल स्ट्रायटम हा भाग जास्त पेटतो. बक्षिसाची चव लागते ती तिथे.

खरी गंमत यापुढे आहे. ईव्हा टेल्झर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये किशोरांना घरच्यांसाठी पैसे देण्याची संधी दिली. देताना ज्यांचा हाच भाग जास्त चेतला, त्यांचं धोक्याचं वागणं पुढच्या वर्षभरात कमी झालं. मित्रांच्या टाळ्यांची आणि आईच्या हातावर पैसे ठेवण्याची गोडी एकाच ठिकाणी चाखली जाते! (‘मित्रांमुळे बिघडला’ म्हणणाऱ्यांनी हे अर्धंच पाहिलेलं असतं.)

२०१७ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना थरावर चढवता येत नाही. वर चढणाऱ्याला हेल्मेट आणि दोरी लागते. सराव आटोपतो. चौथ्या थरावरचा आपला मुलगा हेल्मेट काढून दादाच्या हातात देतो, धाकट्या एक्क्याला स्वतः घरापर्यंत सोडून येतो. आणि मग दोन मित्रांच्या मागे ट्रिपल सीट, उघड्या डोक्याने, वडापाव खायला स्टेशनकडे सुटतो.