धनुष्यासाठी बांबू: कोणती पट्टी कुठे लावायची?

बांबूची कामटी आडवी कापा आणि तो काप भिंगाखाली धरा. सालीलगत गडद ठिपके खेटून बसलेले दिसतील, पोकळीकडे ते विरळ होत जातात. हे तंतूंचे जुडगे. बांबूची ताकद त्यांच्यातच असते, त्यामुळे एकाच बांबूच्या बाहेरच्या आणि आतल्या पट्टीत मोठा फरक पडतो.

धनुष्य ओढलं की पाठ, म्हणजे नेमाकडची बाजू, ताणली जाते आणि पोट, म्हणजे धनुर्धराकडची बाजू, दाबलं जातं. पाठीला अखंड कामटीच हवी. वरची मेणचट साल तेवढी खरवडा, तंतूंना हात लावू नका. रंधा आतल्या बाजूनेच मारायचा, मधोमध ३ ते ४ मिलिमीटर जाडी राहीपर्यंत. पेरांचे उंचवटे सपाट करू नयेत. तिथे तंतू वळलेले असतात, ते कापले गेले की चीर तिथूनच सुटते.

फ्लोअरिंगच्या फळ्यांमधल्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी रंधलेल्या असतात, म्हणजे सर्वांत दाट थर आधीच गेलेला. पाठीला त्या नकोतच, गाभ्याला, म्हणजे पाठ आणि पोट यांच्यामधल्या थराला, मात्र उत्तम. त्यातही पट्ट्या उभ्या चिकटवलेली फळी घ्यावी: कितीही घासली तरी दाट आणि विरळ भागांचं प्रमाण तेच राहतं. वाफेवर तपकिरी केलेला बांबू फिक्यापेक्षा मऊ पडतो. सुटे तंतू रेझिनमध्ये दाबून केलेली फळी कठीण असते, पण जड. भुजांच्या, म्हणजे मुठीच्या दोन्हीकडच्या वाकणाऱ्या भागांच्या, टोकांना वजन वाढलं की बाणाचा वेग घटतो. कोरड्या आचेवर भाजणं ही वेगळीच गोष्ट. जपानी युमी धनुष्याच्या गाभ्यातल्या पट्ट्या मुद्दाम तशा भाजतात.

जाडी कॅलिपरने दर १० सेंटिमीटरवर मोजा. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो: १२ मिलिमीटरच्या भुजेत ०.३ मिलिमीटर जास्त राहिलं तर ताठपणा जवळजवळ ८ टक्क्यांनी चढतो आणि दोन भुजा सारख्या वाकत नाहीत.

पाठ फार जोरकस झाली तर पोटाच्या लाकडावर बारीक आडव्या सुरकुत्या उमटतात. तंतू चिरडल्याची ती खूण. म्हणून पोटाला दाब सोसणारं घट्ट लाकूड घ्यावं आणि पाठ पोटापेक्षा थोडी अरुंद ठेवावी.

चिकटवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा. इपॉक्सी (दोन घटक मिसळून वापरायचा गोंद) वापरताना क्लॅम्प फार आवळले तर ती बाहेर निघून जाते आणि सांधा कोरडा राहतो. थर सुटलाच तर सुटलेला भाग नीट पाहा: दोन्हीकडे फाटलेले तंतू दिसले तर बांबू फाटला, गुळगुळीत चकाकी दिसली तर चिकटवण्यात चूक झाली.