टेस्ट रद्द झालेली नाही

'1 जून 2024पासून आरटीओची टेस्ट बंद, आता ड्रायव्हिंग स्कूलच लायसन्स देणार' हा मेसेज अजून सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. मुंबई-पुण्यात पहिलं लायसन्स काढणारी कॉलेजची मुलं त्यावर विश्वास ठेवून क्लासवाल्याला पैसे मोजतात.

त्या तारखेला नवं काहीच सुरू झालं नाही. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने तेव्हाच तसा खुलासा केला होता. मूळ नियम जून 2021चा. काही निकष पूर्ण करणाऱ्या मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांनाच तो लागू आहे: हलक्या वाहनांसाठी किमान एक एकर जागा, 29 तासांचा अभ्यासक्रम, त्यातले 21 तास प्रात्यक्षिकाचे. तिथला कोर्स पास झालात तर आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट माफ होते. लायसन्स मात्र आरटीओच देतं.

आता नाक्यावरचा क्लास आठवा. एक गाळा, दारात 'एल' लावलेली जुनी मारुती. एक एकर कुठून आणणार? त्याचं प्रमाणपत्र बेकायदा नाही, पण त्याने टेस्ट चुकत नाही.

म्हणजे वाट जुनीच. आधी लर्निंग, मग किमान 30 दिवस थांबायचं, आणि लर्निंगच्या सहा महिन्यांच्या मुदतीत टेस्ट द्यायची. 'टेस्टशिवाय करून देतो' म्हणणाऱ्याकडे प्रशिक्षण केंद्र म्हणून मान्यता असल्याचा कागद मागा. बहुतेक वेळा विषय तिथेच बदलतो.