कोठीपोटात वरून विकरं कशाला?

रवंथ करणाऱ्या जनावराला विकरं, म्हणजे एन्झाइम, वरून द्यायची ही कल्पना पहिल्यांदा ऐकली की विचित्र वाटते. त्याचं कोठीपोट, म्हणजे पोटाचा पहिला मोठा कप्पा, हाच तर विकरांचा कारखाना! मोठ्या गुराच्या या कप्प्यात शंभर लिटर तरी आंबोण सहज मावतं आणि त्याच्या एकेका मिलिलिटरमध्ये अब्जावधी जिवाणू असतात. गवताची चिवट काडी फोडणारी विकरं तेच बनवतात. धान्यात अडकलेला फॉस्फरस सुटावा म्हणून कोंबड्यांच्या खाद्यात फायटेज नावाचं विकर मिसळावं लागतं. गुरांच्या पोटातले जिवाणू ते काम फुकटात करून टाकतात.

मग मांसासाठी धान्यावर पोसलेल्या गुरांना विकरं देऊन काय साधतं? उत्तर धान्यातच आहे. शेवटच्या काही महिन्यांत या गुरांच्या खाण्यात बहुधा 80 ते 90 टक्के धान्याचा खुराक असतो, वैरण नावापुरती. स्टार्च भराभर आंबतो, आम्लं साठतात आणि कोठीपोटाचा सामू (pH) 6 च्या खाली घसरतो. तंतू पचवणारे जिवाणू नेमके इथेच मंदावतात. ट्रायकोडर्मा किंवा अ‍ॅस्परजिलस या बुरशींपासून मिळणारी झायलनेज आणि सेल्युलेज ही तंतू फोडणारी विकरं मात्र अशा आंबट वातावरणात चांगली चालतात. विकरं स्वतःही प्रथिनंच, म्हणून कोठीपोटातली प्रथिनं फोडणारी विकरं त्यांचा लगेच फडशा पाडतील अशी भीती होती. प्रत्यक्षात यातली बरीच विकरं तिथे काही तास टिकतात, आणि कोरड्या खाद्यावर आधीच फवारली तर त्याला चिकटून आणखी तग धरतात.

धान्य कोणतं, यावर इथे फार काही अवलंबून आहे. कॅनडात लेथब्रिज इथल्या सरकारी संशोधन केंद्रात 1990 च्या दशकात चाचण्या झाल्या. बार्लीवर झायलनेज जास्त असलेलं मिश्रण दिल्यावर तेवढ्याच खाद्यात वजन जास्त वाढलं. मक्यावर तसा फायदा दिसला नाही. कारण समजण्यासारखं आहे. बार्लीच्या दाण्याला तंतुमय टरफल असतं, मक्याच्या दाण्याला तसं टरफल नसतं. म्हणून ‘सर्व खुराकांसाठी उपयुक्त’ असं छापलेल्या पिशवीवर माझा विश्वास बसत नाही. मात्राही जपावी लागते. दुप्पट विकर घातलं म्हणून दुप्पट फायदा होत नाही, कधी कधी तर असलेला फायदाही जातो.

मक्यासाठी वाट वेगळी आहे, ती अमायलेजची. त्यातली मला सर्वांत सुंदर वाटलेली गोष्ट अशी: अमायलेज स्टार्चच्या लांब साखळ्यांचे छोटे तुकडे करतं आणि स्वतः स्टार्च फोडू न शकणाऱ्या जिवाणूंनाही ते तुकडे खाता येतात. कोठीपोटात कोण किती जेवतं, याची वाटणीच बदलते. अमेरिकेत 2011 मध्ये दाण्यातच अमायलेज असलेल्या, जनुकीय बदल केलेल्या मक्याच्या लागवडीला मोकळीक मिळाली. तो इथेनॉलसाठी तयार केला होता, पण पुढे गुरांच्या खुराकातही आला.

तरी मक्यातल्या स्टार्चच्या कणांभोवती झेइन नावाच्या प्रथिनाचं कुंपण असतं. ते मोडल्याशिवाय अमायलेजला आतल्या स्टार्चपर्यंत पोचता येत नाही. म्हणून दाणा भरडणं किंवा वाफेवर मऊ करून चपटा करणं, हे जुनं काम आजही विकरांच्या आधी करावं लागतं.