पार्श्वभूमी: मिडवेस्टची शेतकरीण आणि 'विधवा कर'

अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या, म्हणजे आयोवा, इलिनॉय, नेब्रास्काकडच्या नव्वदी ओलांडलेल्या शेतकरणींची आयुष्यं वाचली की क्रम बहुतेक एकच असतो, लग्न होऊन शेतावर आली, मुलंबाळं, मग गावातल्या शाळेत नाहीतर हॉस्पिटलात नोकरी, मग नवऱ्यामागे बरीच वर्षं एकटी. पण त्या जमिनीत तिचा वाटा सरकार किती धरत होतं हे माहीत नसेल तर या आयुष्याचं निम्मं कळतच नाही.

जुना काळ थोडक्यात. 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत दहातल्या नऊ शेतघरांत वीज नव्हती. कोंबड्या आणि साय हे बायकांचं खातं. साय काढायच्या मशीनच्या चकत्या दरवेळी सुट्या करून गरम पाण्याने धुवायच्या, अंडी पुसून तीस डझनांच्या खोक्यात भरायची आणि शनिवारी गावात देऊन त्याच पैशात किराणा न्यायचा. मका-डुकरांचे पैसे नवऱ्याच्या नावाच्या चेकने बँकेत जायचे. अंड्यांचे पैसे घरात खर्च व्हायचे, त्यांची पावती कोण ठेवणार?

आणि पुढे नेमकी तीच पावती मागितली गेली. जमीन दोघांच्या नावावर असली तरी नवरा आधी गेला की वारसा करासाठी ती सगळी त्याचीच धरायचे, बायकोने स्वतःचा पैसा घातल्याचं सिद्ध केलं तरच तेवढी वगळायचे. तीस-चाळीस वर्षं दूध काढलं, ट्रॅक्टर चालवला, हिशोब लिहिले, ते साधारणपणे पैसा म्हणून धरत नसत. बायको आधी गेली तर नियम कागदावर तोच, पण पैसे नवऱ्याच्याच नावाने गेलेले असल्याने त्याला ते सहज सिद्ध करता यायचं. म्हणूनच याला 'विधवा कर' म्हणायचे. जोडीदाराला वजावट होती, करमाफीची मर्यादाही होती, पण ती 1942 पासून 1976 पर्यंत 60 हजार डॉलरवरच राहिली आणि जमीन कुठल्या कुठे गेली. आयोवात 1970 ला एकरी सरासरी 419 डॉलर भाव होता, 1981 ला 2,147. म्हणजे 320 एकरांचं शेत सुमारे 1 लाख 34 हजारांवरून 6 लाख 87 हजारांवर, हातात रोकड तेवढीच.

शेतकरीण बायकांनी आरडाओरडा केल्यावर 1978 ला तोडगा निघाला तो असा की शेतीत प्रत्यक्ष सहभाग दाखवला तर वर्षाला 2 टक्के वाटा तिचा, जास्तीत जास्त 50 टक्के. म्हणजे निम्म्या शेतासाठी 25 वर्षांचा पुरावा द्यायचा! माझ्या मते हा तोडगा अन्यायाचाच होता, कारण ज्या बाईने कर्जाचे हप्ते निघावेत म्हणून बाहेर नोकरी धरली तिचीच पंचाईत, शेतातली वर्षं कमी भरणार आणि पगार किराण्यात, मुलांच्या फीमध्ये गेलेला, तो जमिनीत घातला हे दाखवायचं कसं? शेवटी 1981 च्या कायद्याने नवरा-बायकोतला हा कर पूर्ण काढला, संयुक्त जमीन निम्मी-निम्मी धरायची, पैसे कोणी का घातले असेनात. 1 जानेवारी 1982 पासून ते लागू झालं.

तोवर मंदी दारात आली होती. 1986 ला आयोवाचा भाव 787 वर आला, कित्येक शेतं लिलावात गेली, आणि बायकांची बाहेरची नोकरी हा हातभार न राहता घराचा मुख्य आधार झाली, पगारासाठी जेवढी तेवढीच हेल्थ इन्शुरन्ससाठी.

पेन्शनचंही तसंच. शेतकरी 1955 पासून सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेत आले, पण नवऱ्याने शेतातल्या कामाचा बायकोला पगार दिला तरी तो 1988 पर्यंत तिच्या खात्यात धरत नव्हते. नवरा हयात असेपर्यंत तिचं काम त्याच्या पेन्शनीच्या निम्म्या हिश्श्यावर बसवलेलं, जास्त मिळालं ते बाहेरच्या नोकरीमुळेच. शेतगणनेत तर शेत चालवणारा पुरुष की बाई हे 1978 ला पहिल्यांदा विचारलं. 2017 पासून एका शेतावर निर्णय घेणाऱ्या चौघांपर्यंतची माहिती घेऊ लागले आणि एकूण उत्पादकांत बायका 36 टक्के निघाल्या.