बेडकाचा फुगा टिपायचाय? आधी बॅटरी खाली घ्या
(मुळशीच्या रात्रफेरीला येणाऱ्यांसाठी)

पाऊस लागला की फोनवर एकच विचारणा होते: गळा फुगवून ओरडणाऱ्या बेडकाचा फोटो मिळेल ना? मिळतो. आणि हुकतो तेव्हा कारणही बहुतेक एकच असतं. आवाज आला की सगळे बॅटऱ्या पूर्ण उजेडावर ठेवून सरळ तिकडे धावतात. झुडूप हललं की बेडूक गप्प, शेजारचेही गप्प. मग ते पुन्हा सुरू होईपर्यंत अख्खी तुकडी ताटकळते.

झुडपी बेडूक असतो बोटाच्या पेराएवढा, आवाज मात्र खणखणीत, त्यामुळे जागा चकवते. दोघांनी चार-पाच पावलांच्या अंतरावर उभं राहून आपल्याला आवाज येतो त्या दिशेला हात करायचा. दोन्ही दिशा जिथे मिळतात तिथली पानं मंद उजेडात, हात न लावता बघायची. दिसला की उजेड शेजारच्या पानावर वळवा आणि थांबा. तो पुन्हा ओरडायला लागला की मगच डोळ्यावर फोकस घ्या.

पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ डॉ. हेमंत घाटे यांचं नाव २०१३ साली ज्याला दिलं गेलं, तो राओर्चेस्टेस घाटेई याच कुळीतला. या बेडकांची पिल्लं डबक्यात वाढत नाहीत. अंड्यातून थेट इवले बेडूकच बाहेर येतात. म्हणजे अंडी पाण्याबाहेर असतात आणि पायाखाली येऊ शकतात, म्हणून आम्ही पायवाट सोडू देत नाही.

‘जरा उचलून छान पानावर ठेवा ना,’ असा आग्रह कृपया करू नका. बेडकाची कातडी पाण्यासोबत बाकीचंही शोषून घेते, आणि आपल्या हाताला डासांचं मलम असतं. साप पकडून दाखवणंही आमच्याकडे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालापासून आहे, आणि तो नसता तरी आम्ही हेच केलं असतं. चापडा हा विषारी साप तसाही एका फांदीवर तासन्‌तास बसून असतो, पकडायची गरजच काय? मॅक्रो लेन्स मात्र आपल्याला त्याच्या फार जवळ नेते. सापासाठी लांबून फोटो घेता येणारी ७०-३०० मिमीची लेन्स आणा; नसेल तर आमच्याकडे भाड्याने मिळते, फ्लॅशचा उजेड मऊ करणारा डिफ्यूझरही.

मुळशीच्या वाटेवरचं पौड गाव मागे पडलं की गाडीचा एसी बंद करून काचा खाली घ्या. थंड लेन्सवर बाहेर आल्याआल्या वाफ धरते, आणि ती पुसण्यात सुरुवातीचा चांगला वेळ जातो. मोबाइलचं लोकेशनही तेव्हाच बंद करा. सापडलेली जागा आम्ही कुणाला सांगत नाही, तुम्हीही फोटोसोबत टाकू नका.

तुकडी आम्ही मुद्दाम लहान ठेवतो, त्यामुळे शनिवार लवकर भरतात. ज्यांना रात्र जमत नाही त्यांच्यासाठी पावसाआधी साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर दिवसाची फेरी असते. २०१६ साली नाव मिळालेल्या सारडा सुपर्बा सरड्याचे नर तिथे निळा-काळा-केशरी गळा फुलवून दगडावर उभे असतात. नाव नोंदवताना कॅमेरा आणि लेन्स कोणती ते कळवा, म्हणजे काय भाड्याने लागेल ते आम्ही आधीच बाजूला काढून ठेवू.