लांबची पाइपलाइन: पैसा नेमका कुठे जातो

दुकानात आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: “अडीच इंची पाइप काय फूट?” दर आम्ही सांगतो. पण त्या दराला लांबीने गुणून येणारा आकडा म्हणजे तुमच्या लाइनचा खर्च नव्हे. विहिरीपासून, ओढ्यापासून किंवा नदीपासून घर, गोठा किंवा माळावरचे रान हजार-दीड हजार मीटरवर असेल, तर पाइप हा खर्चाचा एक भाग झाला. उरलेला पैसा चरीत, चढात, वाटेतल्या बांधांवर आणि पुढची वीस वर्षे चालणाऱ्या मोटरीत जातो. कोटेशन घेण्याआधी हे सगळे तुम्हाला ठाऊक असावे, म्हणून हे माहितीपत्रक.

आधी पाणी किती ते सांगा

ऊस भिजवायची लाइन आणि घरात पाणी आणायची लाइन, ही दोन वेगळी कामे आहेत. तरी घरासाठी अडीच इंची मागणारी माणसे दर आठवड्याला भेटतात. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांचे घर आणि चार म्हशी, प्रत्येक म्हशीला पिण्या-धुण्याला शंभरेक लिटर धरले तरी हिशेब दिवसाला सातशे-आठशे लिटरच्या आत बसतो. एवढ्या पाण्याला एक किलोमीटरवर चार-पाच मीटरचा उतार मिळत असेल, तर ३२ मिलिमीटरचा एचडीपीई (काळ्या, लवचिक प्लास्टिकचा) पाइप मोटरीशिवाय दोन तासांत टाकी भरून देतो. कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी, आजरा, चंदगडकडच्या डोंगरउतारावर झऱ्याचे पाणी असे आणता येते. तिथे मोटर विकायला आम्ही येणार नाही.

शेतासाठी मात्र गणित बदलते. पुढचा हिशेब शेताच्या लाइनचा आहे.

दोन इंची, अडीच इंची, तीन इंची

समजा लाइन १२०० मीटर, चढ २५ मीटर आणि पाणी सेकंदाला ३ लिटर हवे. पाइपमधून जाताना पाणी घासते आणि त्या घासण्यात मोटरीची ताकद जाते. दोन इंची, म्हणजे ६३ मिलिमीटरच्या पाइपमध्ये हे नुकसान सुमारे २५ मीटर चढाएवढे भरते. म्हणजे टेकडी एक असताना तुमची मोटर दोन टेकड्या चढते. अडीच इंचीत (७५ मिलिमीटर) तेच नुकसान ११ मीटरच्या आसपास येते आणि तीन इंचीत (९० मिलिमीटर) चार-साडेचार मीटर.

दोन इंची पाइप स्वस्त पडतो हे खरे, पण त्याला पाच एचपीची मोटर लागते. अडीच इंचीला तीन एचपी पुरते. घर, पोल्ट्री किंवा फार्महाउसचे मीटर असेल तर दोन इंचीवर दिवसाला आठ तास मोटर चालवताना सात युनिटच्या आसपास वीज नुसती घासण्यावर जादा जाते, आणि ती रोज जाते.

यावर शेतकरी म्हणतात, “शेतीचं बिल माफ आहे की.” साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल एप्रिल २०२४ पासून राज्य शासनाच्या योजनेतून माफ आहे, बरोबर. पण शेतीची लाइट दिवसभर नसते, मोजक्या तासांची असते. तेवढ्यात जे पाणी वर आले ते तुमचे. तीच तीन एचपीची मोटर दोन इंचीवर चालवली तर आठ तासांत दहा हजार लिटरहून जास्त पाणी कमी येते. बिल माफ असले तरी सरी कोरडी राहते.

म्हणून मोठ्यात मोठा पाइप घ्या, असेही आम्ही म्हणत नाही. याच उदाहरणात अडीचवरून तीन इंचीवर गेलात तरी मोटर तीन एचपीचीच लागते आणि पाइपचा खर्च मात्र बराच वाढतो. पुढे क्षेत्र वाढवणार असाल किंवा भावाची जमीन त्याच लाइनवर घेणार असाल, तरच तीन इंची घ्या. नाहीतर तो पैसा चर खोल करायला ठेवा.

‘किलो’ कशासाठी

पाइपवर चार किलो, सहा किलो असे लिहिलेले असते. तो पाइप किती दाब सोसतो, त्याचा तो आकडा. दहा मीटर उंच पाण्याचा दाब साधारण एक किलो. वरच्या उदाहरणात अडीच इंचीला चढ आणि घासणे मिळून ३६ मीटर होतात, म्हणजे चार किलो पुरेल असे वाटते. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत कागल तालुक्यात आम्ही असाच हिशेब करून चार किलोचा पाइप टाकला. पहिल्याच उन्हाळ्यात तो खालच्या बाजूला तीन ठिकाणी फुटला. चूक आमची होती. पाइप आम्ही आमच्या खर्चाने बदलून दिला.

कारण होते लाइट जाण्याचे. मोटर चालू असताना या लाइनमध्ये साडेचार टनांहून जास्त पाणी धावत असते. लाइट गेली की ते थबकते, मागे फिरते आणि खालच्या वॉल्व्हवर आदळते. या धक्क्याने उभ्या पाण्याच्या २५ मीटर दाबावर आणखी २५ ते ३० मीटर दाब क्षणभर चढतो. बेरीज पाच किलोच्या वर जाते. आपल्याकडे लाइट दिवसातून कितीदा जाते ते तुम्हाला ठाऊक आहेच.

म्हणून आम्ही खालच्या भागाला सहा किलो आणि वरच्या टोकाच्या तिसऱ्या हिश्शाला चार किलो सुचवतो. वर उभ्या पाण्याचा दाब कमी असतो, तिथे जाड पाइपाला पैसे घालायचे कारण नाही. पाइप घेताना त्यावरचा छापा वाचा: पीव्हीसीला आयएस ४९८५, एचडीपीईला आयएस ४९८४, शेजारी व्यास आणि किलो. छापा नसलेला पाइप कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

चर: सगळ्यात फसवा आकडा

१२०० मीटर लांब, दीड फूट रुंद आणि तीन फूट खोल चर म्हणजे जवळपास १७७ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) खोदाई. ती मळीत करायची की पाषाणात, यावर सगळा खर्च फिरतो. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानात जेसीबी सरसर पुढे जातो. मुरूम लागला की वेग कमी होतो. पन्हाळा, राधानगरी, भुदरगडकडे वरचा जांभा बकेटला दाद देतो, पण मधेच काळा पाषाण आला की ब्रेकर लावावा लागतो. ब्रेकरचा तासाचा दर जास्त, आणि दिवसभरात चर सरकते ती थोडीच. दीडशे मीटर पाषाणाने उरलेल्या हजार मीटर चरीच्या खर्चाला गाठलेले आम्ही पाहिले आहे.

म्हणून कोटेशनआधी आम्ही लाइन पायी चालतो आणि वाटेत पाच-सहा ठिकाणी तीन फुटांचे खड्डे घेतो. त्याचे पैसे आम्ही लावतो, आणि काम आम्हाला मिळाले तर ते बिलातून वजा करतो. फोनवर लांबी विचारून एकरकमी भाव सांगणारा माणूस एक तर पाषाण तुमच्या माथी मारणार, नाहीतर चर दीड फुटावर थांबवणार.

तीन फुटांचा आमचा हट्ट नांगरासाठी आणि उसाच्या ट्रॉलीसाठी आहे. भरलेल्या ट्रॉलीचे चाक ओल्या रानात किती रुतते ते पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. वरून टाकलेल्या पाइपाचे हाल वेगळेच: उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होतो, आणि तोडणीनंतर पाचट पेटवले की पाइपही जातो. गाडणे शक्यच नसेल तर काळा एचडीपीई घ्या. तो ऊन सोसतो, आग मात्र नाही.

काळ्या मातीचा एक त्रास चर भरून झाल्यावर कळतो. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते आणि सोल्युशनने चिकटवलेले जोड ओढले जातात. वीस फुटी पाइपने १२०० मीटरला दोनशेच्या आसपास जोड येतात. एचडीपीईच्या शंभर मीटरच्या गुंडाळ्या घेतल्या तर अकरा. गुंडाळीचा पाइप फुटाला महाग पडतो, पण भारी काळ्या रानात आणि जिथे चर वाकडीतिकडी जाते तिथे आम्ही तोच सुचवतो. पीव्हीसीच घ्यायचा तर रबर रिंगचे जोड घ्या आणि खाली-वर मऊ मातीचा थर द्या. खडकाच्या चरीत तर हा थर हवाच, एक टोकदार दगड पाइप कापायला पुरतो.

खर्च वाचवायला लोक पहिली काट मारतात ती वॉल्व्हवर. उंचवट्यावर हवेचा वॉल्व्ह नसेल तर तिथे हवा अडकते, पाणी कमी येते आणि दोष मोटरीला लागतो. सखल जागी गाळ सोडायचा वॉल्व्ह, मोटरीजवळ एनआरव्ही (पाणी मागे फिरू न देणारा वॉल्व्ह) आणि वळणांवर काँक्रीटचा ठोकळा, हे चारही धरूनच आमचा भाव असतो.

दुसऱ्याच्या रानातून जाताना

सरळ रेषा नेहमी स्वस्त नसते. पाणंदीने दोनशे मीटर फेरा पडला तरी भावकीतले चार बांध टळत असतील तर फेराच घ्या. दुसऱ्याच्या गटातून जावेच लागले तर तोंडी होकारावर चर मारू नका. स्टॅम्पवर संमतीपत्र करा, त्यात गट नंबर आणि लाइनची जागा लिहा, आणि पाइपलाइनची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कात करून घ्या. आज होकार देणारा काका उद्या नसतो आणि जमीन विकलीही जाते. समोरचा अडूनच बसला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. त्याला वेळ लागतो, तो धरून चाला. रस्ता ओलांडायचा असेल तर रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी आणि बाहेरून संरक्षक पाइप लागतो. नदीतून किंवा बंधाऱ्यातून उपसा करायला पाटबंधारे खात्याची परवानगी लागते. ही कागदपत्रे हातात आल्याशिवाय आम्ही पाइप उतरवत नाही.

नदीकाठी मोटर बसवणार असाल तर २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी कुठवर आले होते ते गावातल्या माणसांना विचारा. पॅनेल त्या खुणेच्या वर घ्या आणि मोटर उचलून नेता येईल अशी बसवा.

काम कधी, आणि तुम्ही काय करायचे

तोडणी झाल्यावर, फेब्रुवारी ते मे हा काळ चांगला. पाऊस लागला की काळ्या रानात जेसीबी जात नाही. येताना सातबारा, विहिरीच्या पाण्याची उन्हाळ्यातली पातळी आणि लाइट किती तास मिळते, एवढे घेऊन या.

चर बुजवण्याआधी आम्ही जोड उघडे ठेवून लाइन दाबाखाली तपासतो. त्या दिवशी तुम्ही किंवा घरातले कुणीतरी हजर राहा आणि वळणे, जोड, वॉल्व्ह यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. बांधावर खुणेचे दगड आम्ही बसवतो आणि लाइनचा नकाशा तुम्हाला देतो. एक प्रत आमच्याकडेही राहते. पुढे कुणी त्या वाटेने केबल टाकायला आले तर आधी त्यांना नकाशा दाखवा.